किराणा यादीपासून शतपावलीपर्यंत: १ जानेवारी ते गुढीपाडवा

नव्या वर्षाचे बहुतेक संकल्प पानावर बसल्यावर पाळायचे असतात, आणि तिथेच ते मोडतात. समोर वाफाळती आमटी आहे, घरचे सगळे जेवताहेत, आणि "आज मीठ कमी" हे रोज नव्यानं ठरवायचं आहे. कुणाचाही निश्चय इतक्या वेळा पणाला लागला तर तो कधीतरी हरणारच. म्हणून आम्ही हा क्रम ताटापासून सुरू करत नाही, वाण्याच्या यादीपासून करतो. घरात महिन्याला मीठ, तेल, साखर आणि डाळी किती येतात हे एकदा कळलं की निर्णय महिन्यातून एकदाच, तोही पोट भरलेलं असताना घेता येतो. पुढचं बरंचसं काम डबे आणि चमचे करतात.

मुदत गुढीपाडव्यापर्यंतची धरावी. १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत अकरा ते पंधरा आठवडे मिळतात आणि सवय अंगवळणी पडायला साधारण तेवढा वेळ लागतोच. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा मागोवा घेतला होता. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय आपसूक होण्याचा मध्यक (निम्म्या लोकांना त्याहून कमी वेळ लागला, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर मार्चचा पहिला आठवडा येतो. जानेवारीच्या अखेरीस जड वाटू लागतं, त्यात काही चुकलेलं नसतं. रस्ता अजून अर्धाही झालेला नसतो, इतकंच.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. मिठाचा डबा रविवारी रात्री वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा आणि पुढच्या रविवारी पुन्हा ठेवा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. तेलाचं आणि साखरेचंही तसंच. काटा नसेल तर पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेननं तारीख घाला आणि संपला की दिवस मोजा. समजा चार माणसांच्या घरात १ किलो मीठ २५ दिवसांत संपलं. म्हणजे रोज ४० ग्रॅम, माणशी १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे हे घर दुपटीवर आहे. बहुतेकांना हा आकडा पाहून आश्चर्य वाटतं, कारण त्यांच्या घरची आमटी खारट लागत नसते. मीठ एका पदार्थात जास्त नसतं. ते कणकेत, भातात, कोशिंबिरीत, ताकात, चटणीत थोडं थोडं पडत राहतं.

याच आठवड्यात रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजून ठेवावा. वजनापेक्षा हे दोन आकडे जास्त उपयोगाचे आहेत. वजन पाण्यानं, प्रवासानं, बद्धकोष्ठानंसुद्धा किलो-दीड किलो वरखाली होतं आणि उगाच मन खट्टू करतं. घेर मोजताना टेप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्याच्या जागी धरू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध धरा. श्वास नेहमीसारखा बाहेर सोडा, पोट आत ओढू नका, टेप त्वचेला टेकेल पण रुतणार नाही इतपत ठेवा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

रक्तदाबाबाबत थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरोघरी यंत्र असतं आणि घरोघरी तो चुकीचा मोजला जातो. यंत्र दंडावर बांधायचं घ्या. मनगटावरच्या यंत्राचा आकडा हात थोडा खालीवर झाला तरी बदलतो. घेताना पट्ट्यावर छापलेली मापं वाचा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर तोच पट्टा आकडा वाढवून दाखवतो, आणि माणूस विनाकारण घाबरतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट ठेवा, पायावर पाय टाकू नका आणि पाच मिनिटं गप्प बसा. बाही दुमडून वर सारली तर ती दंडाला आवळते. हात बाहीतून काढलेलाच बरा. हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवा, लोंबकळत ठेवला तर आकडा चढतो. मोजताना बोलू नका. "किती आला?" असं मधेच विचारलं तरी फरक पडतो.

एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा, सकाळी औषधं आणि न्याहारीच्या आधी, तसंच रात्री झोपण्याआधी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या, कारण नव्या यंत्राची धास्ती त्यांत असते. उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना एका आकड्यापेक्षा ही वही कितीतरी जास्त सांगते. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची कमजोरी असेल तर सात दिवस थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

आता मीठ. इथे घाई नडते. माणशी १० ग्रॅमवरून थेट ५ ग्रॅमवर उडी मारली की तिसऱ्या दिवशी मिठाची बरणी जेवणाच्या टेबलावर येते, जो तो वरून मीठ घेऊ लागतो आणि हिशेब पहिल्यापेक्षा वाढतो. जिभेला कमी मिठाची गोडी लागायला दोन-तीन महिने लागतात. तोवर तिला फसवत नाही, फक्त तिच्या लक्षात येणार नाही इतकं हळू जायचं. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा कमी करा. वरच्या घरात ४० ग्रॅमचे पहिल्या पंधरवड्यात ३६, मग ३२, मग २९, २६, २३ आणि पाडव्याच्या सुमाराला २१.

हे पाळायचं कसं? सकाळी पहिला चहा टाकतानाच त्या दिवसाचं मीठ काट्यावर मोजून एका लहान वाटीत काढा आणि मोठी बरणी वरच्या फळीवर ठेवून द्या. कणीक, भाजी, आमटी, कोशिंबीर, सगळं त्या वाटीतून. रात्री वाटीत मीठ उरलं तर ते बरणीत परत टाका. दुसऱ्या दिवसाच्या वाटीत मिळवू नका. वाटी दुपारीच रिकामी झाली तर कुठे जास्त पडलं ते त्याच दिवशी कळतं. स्वयंपाक दोन हातांनी होत असेल, सासू-सून असोत किंवा स्वयंपाकाच्या मावशी आणि घरची बाई, तर वाटी एकच हवी. नाहीतर आमटीत मीठ दोनदा पडतं, किंवा पडलंच नसेल म्हणून अंदाजानं घातलं जातं.

कापायचं कुठून, याचा क्रम महत्त्वाचा. आधी जिथे जिभेला पत्ताही लागत नाही तिथून. भाकरीच्या पिठात मीठ लागतच नाही. भातातलं पूर्ण बंद करा, कारण भात नेहमी आमटी-वरणासोबतच खाल्ला जातो. पोळीच्या कणकेतलं अर्धं करा. ताकात जिरेपूड, आलं आणि कोथिंबीर असली तर चिमूटभर पुरतं. पेरू, काकडी, कैरीवर तिखट-मीठ भुरभुरण्याऐवजी लिंबू. ताटात डावीकडे मीठ वाढायची आपली जुनी पद्धत आहे. तिथलं लिंबू आणि कोशिंबीर राहू द्या, मीठ तेवढं वाढू नका. भाजी आणि आमटी शेवटी, कारण तिथे कमी पडलं की लगेच कळतं. त्यासाठीच आधीचे चार पंधरवडे वाया घालवायचे नाहीत. त्या काळात आमटीत आमसूल किंवा चिंचेचा कोळ थोडा जास्त, गोडा मसाला ताजा, वरून कच्चं खोबरं-कोथिंबीर, अशी चव वाढवत न्यायची. आंबटपणा असला की कमी मीठ भरून निघतं. शिजताना घालण्याऐवजी मीठ शेवटच्या उकळीला घातलं तर तेवढंच मीठ जास्त जाणवतं, विशेषतः सुक्या भाज्यांत. विकतच्या मसाल्यांच्या पाकिटावर घटक वाचा. काहींत मीठ असतं आणि ते या वाटीत मोजलं जात नाही.

लोणचं, पापड, फरसाण, पाव, बिस्किटं, शेव यांचं मीठ वाटीबाहेरचं असतं. पापडात तर मिठाखेरीज पापडखारातूनही सोडियम येतं. म्हणून चौघांच्या घराचं अंतिम लक्ष्य २० ग्रॅम असलं तरी वाटीत १५ ग्रॅमच्या आसपास पोचायला हवं आणि ५ ग्रॅम बाहेरच्या वस्तूंसाठी सोडायला हवेत. पाडव्यापर्यंत २१ वर पोचलात तर उरलेलं अंतर पुढच्या दोन महिन्यांत कापता येतं. भाज्या धुवायला किंवा कारली चोळायला वापरलेलं मीठ हिशेबात धरू नका, त्यासाठी वेगळा पुडा ठेवा.

सैंधव घेतलं की प्रश्न सुटतो, असा समज फार पसरला आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि त्यात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. खडे मिठाचंही तेच. घरात एकच मीठ वापरायचं तर आयोडीनयुक्त वापरा आणि ते कमी वापरा. 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. आणखी एक सांगणं महत्त्वाचं आहे. घरातल्या वयस्क माणसाला पूर्वी सोडियम कमी झाल्यामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं असेल किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर त्यांचं मीठ स्वतःच्या अंदाजानं कमी करू नका.

तेलाचा हिशेब त्यामानानं सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं प्रसिद्ध केली. त्यातल्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांचं महिन्याचं सव्वातीन किलोच्या आसपास होतं. अर्धा किलो तूप-लोण्याला काढलं तर यादीत ३ लीटर तेल लिहायचं. त्या ३ लीटरचे चार भाग करा, ७५० मिलिलीटरची एक बाटली एका आठवड्याची. शुक्रवारी बाटली रिकामी झाली तर शनिवार-रविवार उकड, वाफवलेलं, भाजलेलं खा. पुढच्या आठवड्याची बाटली उघडू नका. चौघांच्या भाजीच्या फोडणीला ५ मिलिलीटरचे तीन चमचे तेल पुरतं. कमी तेलात भाजी करपते ही तक्रार हमखास येते, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आच असते. कढई जाड बुडाची घ्या, मोहरी तडतडली की आच कमी करा आणि झाकणात पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवा. झाकणातलं गरम पाणी लागेल तसं भाजीत घालता येतं. ही आपली जुनीच रीत आहे. तळणाचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका.

साखरेबद्दल थोडक्यात. चहाच्या दर कपातून पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. दोन चमचे घेणारा माणूस फेब्रुवारीच्या शेवटी बिनसाखरेच्या चहावर येतो किंवा अर्ध्या चमच्यावर थांबतो, दोन्ही चालतं. गूळ घातला म्हणून चहा निर्दोष होत नाही, गुळातही बहुतांश साखरच असते. चहा जेवणाच्या आधी-नंतर एक तास टाळा, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. रक्त कमी असलेल्या बायकांनी आणि वाढत्या मुलींनी एवढं एक जरी पाळलं तरी फायदा आहे. जेवणात लिंबू पिळा, आवळा किंवा पेरूची फोड घ्या. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

काय कमी करायचं यावरच सगळे बोलतात. पण यादीतली सगळ्यात मोठी दुरुस्ती वाढवण्याची असते. त्याच नमुना ताटात तृणधान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. म्हणजे साधारण तीनास एक. वाण्याची मागच्या महिन्याची यादी काढा. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, पोहे, रवा यांची बेरीज एका बाजूला करा आणि सगळ्या डाळी-कडधान्यांची दुसऱ्या बाजूला. बऱ्याच घरांत प्रमाण सहास एक किंवा त्याहूनही वाईट निघतं. पातळ वरणात चौघांना मिळून एक वाटी डाळ पडते आणि आपण डाळ खाल्ली असं वाटतं. पुढच्या महिन्यात यादीत २ किलो तांदूळ कमी आणि मटकी, मूग, चवळी, मसूर मिळून २ किलो जास्त लिहा. वस्तू घरात आली की ती शिजते. आठवड्यातून तीन सकाळी पोह्यांऐवजी उसळ करा, किंवा पोह्यांतच मूठभर मोड आलेली मटकी घाला.

थंडीत मोड येत नाहीत म्हणून हे बारगळतं. मटकी आठ-दहा तास भिजवा, दोनदा धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि मग कापडात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, जानेवारीत चोवीस तास लागू शकतात. पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये, डाळीच्या डब्यांमागे किंवा गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवा. बुळबुळीतपणा आणि वास येतो तो पाणी नीट न निथळल्यामुळे. तसं झालं तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आलेलं कडधान्य शिजवून खाणंच सुरक्षित, विशेषतः लहान मुलांना आणि गरोदर बायकांना.

भाज्यांसाठी जानेवारीसारखा महिना नाही. मेथी, चाकवत, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, गाजर, मटार, पावटा, सोलाणे, ओली तूर, सगळं एकदम बाजारात असतं आणि स्वस्त असतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी म्हणजे या ऋतूचं नमुना ताटच आहे: हरभरा, पावटा, वांगी, गाजर, बोरं, शेंगदाणे, तिळाचा कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ती वर्षातून एकदाच का करायची? जानेवारीभर आठवड्यातून एकदा करा. दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाजीचं लक्ष्य आपल्याकडे एकदम गाठता येत नाही. आज चौघांसाठी अर्धा किलोची भाजी होत असेल तर ती पाऊण किलोची करा आणि शिवाय पाव किलो काकडी-गाजर-मुळ्याची कोशिंबीर. पालेभाजी निवडायला वेळ नसतो हे खरंच आहे. मेथीच्या तीन जुड्या रविवारी एकदम निवडा, न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, धुवायच्या त्या वापरतानाच. धुऊन ठेवल्या तर दोन दिवसांत काळ्या पडतात.

शतपावलीकडे वळू. शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर. नावाचा शब्दशः अर्थ घेऊन गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या तर फारसं काही साधत नाही. जेवणानंतर दहा ते पंधरा मिनिटं, म्हणजे हजार ते दीड हजार पावलं चाला. जेवल्यानंतर रक्तात साखर चढू लागते त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू कामाला लागले की ते ती साखर ओढून घेतात. म्हणून तासाभरानं चालण्यापेक्षा हात धुऊन लगेच निघणं चांगलं. गती सावकाश ठेवा. भरल्या पोटी भरभर चाललं की पोटात मुरड येते, आंबट ढेकर येतात. दोन खोल्यांच्या घरात दर सात पावलांना वळावं लागतं आणि गुडघे कुरकुरतात. त्यापेक्षा इमारतीच्या आवारात उतरा.

यासाठी आठवण लावायची ती घड्याळावर नव्हे, कामावर. रात्रीची खरकटी भांडी घासायला टाकली की चपला घालायच्या, किंवा ओला कचरा खाली टाकायला जायचं आणि तसंच चालू लागायचं. नवी सवय जुन्या कामाला बांधली की वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. "रोज ९ वाजता" असं ठरवलं तर जेवण पावणेदहाला झाल्याच्या दिवशी सवय हुकते. "भांडी टाकली की" असं ठरवलं तर हुकत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहिले काही दिवस चालण्याआधी आणि नंतर साखर तपासावी, खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात आणि अनवाणी चालू नये.

शतपावलीमुळे आठवड्याचा पूर्ण व्यायाम होत नाही. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे १ जानेवारीला पाच किलोमीटर. संक्रांतीपर्यंत टाच दुखू लागते, सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना कळ येते आणि चालणं कायमचं सुटतं. तळव्याच्या ताणलेल्या पडद्याला नव्या भाराची सवय व्हायला वेळ लागतो. दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. फेब्रुवारीच्या शेवटी तीस मिनिटं होतात. नाशिक, निफाड, विदर्भाकडे जानेवारीची पहाट बोचरी असते. हृदयरोग किंवा दमा असलेल्यांनी तेव्हा बाहेर पडू नये; ऊन वर आल्यावर किंवा संध्याकाळी जावं. शेकोट्यांचा धूर खाली साचलेला असतो तेव्हा तर नकोच.

ताकदीचे व्यायाम लोक पूर्ण विसरतात, आणि चाळिशीनंतर त्यांचीच सगळ्यात जास्त गरज असते. आठवड्यातून दोन दिवस पुरतात, साधनं घरचीच. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या आणि हात न टेकवता उठा-बसा: आठ वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा आठ. दर आठवड्याला एक-दोन वाढवत पंधरापर्यंत न्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. बसताना धप्पकन बसू नका, तीन अंक मोजत खाली या, कारण फायदा निम्मा त्या सावकाश उतरण्यात आहे. श्वास कोंडू नका, उठताना सोडा. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा, वीस वेळा. भिंतीवर हात टेकवून दंड काढा. ज्यांना जमतं त्यांनी रथसप्तमीपासून सूर्यनमस्कार धरावेत, तीनपासून. पहिल्या दिवशी बारा घालून दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या की तिसरा दिवस उगवत नाही.

झोपेचं एकच सांगायचं आहे: झोपायची वेळ बांधू नका, उठायची बांधा. रविवारीसुद्धा. उठण्याची वेळ पक्की झाली की दहा-बारा दिवसांत रात्री आपोआप पेंग येऊ लागते. दुपारी चारनंतरचा चहा सोडा. चहातल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं, आणि साडेसहाच्या कपाचा परिणाम रात्री बाराला जाणवतो. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून काढून बैठकीच्या खोलीत लावा. गजरासाठी वेगळं घड्याळ आणा.

या काळात मोडता घालणारे दिवस आधीच माहीत असतात, म्हणून ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेननं खुणावून ठेवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. तिळगुळाच्या एका लाडवात गूळ बराच असतो, आणि एका संध्याकाळी चार घरं झाली की चार लाडू होतात. एक तिथे खा, बाकीचे घरी आणून डब्यात ठेवा आणि पुढचे दिवस जेवणानंतर अर्धा-अर्धा खा. महाशिवरात्रीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. वरई घरी निवडून, धुऊन, लगेच शिजवलेली. विकतचं दळून ठेवलेलं भगरीचं पीठ घेऊ नका, उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधेच्या घटना वारंवार घडतात. लग्नाच्या जेवणाला जायचं असेल तर त्या दिवशी सकाळच्या मिठाच्या वाटीत अर्धंच मीठ काढा.

दिवस चुकणारच. वर सांगितलेल्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नव्हता. दिनदर्शिकेवर रोज तीनच खुणा करा: मीठवाटी, चालणं, उठण्याची वेळ. लागोपाठ दोन दिवस एखादी खूण करायची राहिली तर तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट अर्ध्या मापानं करा, पाच मिनिटं चाला, पण करा. आठवडाभर एकच खूण रिकामी राहत असेल तर जुनं काम चुकीचं निवडलं आहे. रात्रीची भांडी मावशी घासत असतील तर चालणं त्या कामाला बांधून उपयोग नाही; ते दुसऱ्या कशाला तरी, मुलांना क्लासहून आणण्याला किंवा रात्रीचं दूध विरजण्याला बांधा.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सगळं पुन्हा मोजा. तेच यंत्र, तोच हात, त्याच वेळा, पुन्हा सात दिवस. मिठाच्या आणि तेलाच्या बरणीचं वजनही घ्या. रक्तदाबाचा आकडा उतरला असेल तर आनंदानं डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय कमी करू नका. उतरला नसेल तर आधी मीठवाटीबाहेरच्या वस्तूंकडे पाहा, बहुतेक वेळा फरसाण किंवा लोणचं सापडतं. पाडव्यानंतर उन्हाळी कामं सुरू होतात, पापड, कुरडया, लोणची, आणि किलो-किलोनं मीठ घरात येतं. ते वेगळ्या डब्यात, वेगळ्या फळीवर ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: "साठवणीचं." ऊन तापू लागलं की संध्याकाळचं चालणं साडेसहानंतर न्या. उन्हात राबणाऱ्यांचा घाम खूप जातो, त्यांच्या वाटीतलं मीठ एप्रिल-मेमध्ये आणखी कमी करू नका, जिथे आहे तिथेच राहू द्या.